ताजा फोपसा, तोही कुत्र्याला!

मटणाच्या दुकानात "कुत्र्याला पाहिजे" म्हटलं की सुरी थांबते आणि हात फळीखालच्या पिशवीकडं जातो. तिच्यात कालची कातडी, चिकट झालेले तुकडे आणि हिरवट वजडी. भाव मात्र आजचा. परवा रात्री उसातली डुकरं हाकलणाऱ्या कुत्र्यासाठी गेलो होतो. मी ती पिशवी परत सरकवली, "ताजा फोपसा द्या, आधी दाखवा" म्हणालो (फोपसा म्हणजे फुप्फुस), आणि रांगेतले एक मामा पेटले.

"दाखवा? स्थळ बघायला आलायसा काय?"

"पाण्याचे फुगे हायत का बघतोय, मामा."

"फुगं असलं तर कुत्रं उडतंय व्हय?"

सगळी रांग हसली. हसू दे. शेळ्यामेंढ्यांच्या फोपशात-काळजात (म्हणजे यकृतात) पाणी भरलेल्या गाठी दिसल्या तर त्या बहुतेक फीतकृमीच्या असतात. कच्च्या खाल्ल्या की कुत्र्याच्या आतड्यात कृमी वाढतात, अंडी विष्ठेतून रानात, तिथनं भाजीवर, आणि मग तशाच गाठी माणसाच्या काळजात. असला तुकडा घ्यायचाच नाही. बाकीचंही अर्धा तास खळखळ उकळायचं, आणि जंताचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानं वेळच्या वेळी. एवढं सांगेपर्यंत मामा हातातली मेथीची जुडी उलटसुलट करून बघायला लागले होते. पण हार मानतील तर ते कोल्हापूरचे कसले!

"त्यापेक्षा तांबडा घाला की भाकरीवर. आमचं कुत्रं तांबड्यावरच पोसलंय. डुक्कर नुसत्या वासानं पळतंय."

या गावात तांबड्याविरुद्ध बोलायला छाती लागते. पण कांदा-लसूण, कच्चा असो, शिजवलेला असो, की चटणीतला वाळवलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. चार-पाच दिवसांनी धाप लागते, लघवी गडद होते, हिरड्या पांढऱ्या पडतात. तांबडा-पांढऱ्याची ही जोडी कुणाच्याच ताटात नको.

"मग हाडं तरी?"

शिजवलेलं हाड चिरफळतं नि घशात नाहीतर आतड्यात रुततं. चुन्याची (कॅल्शियमची) गरज अंड्याच्या टरफलानं भागते: वाळवून, भाजून, पिठासारखं बारीक.

वीस किलोचं, रात्रभर उसाच्या बांधानं डुकरं हाकलणारं कुत्रं साधारण १,३०० ते १,५०० कॅलरी मागतं. म्हणजे कातडीसकट कोंबडी आणि थोडा फोपसा मिळून ४०० ग्रॅम (हाडं सोडून), एक अंडं, दोन मध्यम भाकऱ्या, चमचाभर तेल आणि टरफलाची पूड पाऊण चहाचा चमचा. फोपसा स्वस्त खरा, पण त्यात चरबी नसल्यातच जमा. नुसत्या त्याच्यावर कुत्रं वाळतं. काळीज वीस-पंचवीस ग्रॅमच, रोज जास्त झालं तर अ जीवनसत्त्व साठून हाडं धरतात. भाकरी-ताकाला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही, पण तेवढ्यावर रात्रपाळी होत नाही. फासळ्या हाताला लागाव्यात, लांबून मोजता येऊ नयेत. त्याप्रमाणे कमीजास्त करायचं, आणि नवीन खाणं आठवडाभरात हळूहळू वाढवायचं, नाहीतर हगवण ठरलेली.

वेळही सांभाळावी लागते. कामाच्या दोन-तीन तास आधी हलकं, आणि मोठं जेवण सकाळी परतल्यावर, धाप पूर्ण उतरल्यावर. भरल्या पोटी पळालेलं कुत्रं, त्यातून मुधोळ जातीसारखं खोल छातीचं, पोटाला पीळ पडून काही तासांत जाऊ शकतं. मग लोक म्हणतात, कुणीतरी विष घातलं.

भुईमूग उकरला गेला की शिव्या कुत्र्याला. थंडीत रात्री पाणी पाजायला गेलं की पुढं कुत्रं. खायला घालायची वेळ आली की फळीखालची पिशवी! बैलाला पेंड घेताना कुणी "शिळी चालंल" म्हणतं का?

"आमच्या थोरल्याला मुलगी बघताना बी एवढी चौकशी केली न्हवती," मामा म्हणाले.

तोवर दुकानदारानं फोपसा तोलला, नरड्याच्या जाड नळीसकट. नळी काढून वजन करा म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं न बघता मामांकडं बघितलं.

"कुत्र्यालाच हाय न्हवं?"