पिकअपचा काटा अर्ध्यावर येतो, हीटर कोमट आहे: तक्रारीला गॅरेजचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. हीटर अजून कोमटच हवा फेकतोय, थर्मोस्टॅट व्हॉल्व (इंजिनाचं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) बदलल्यापासून टेंपरेचरचा काटा अर्ध्यापर्यंत चढतोय, आधी कधी चढत नव्हता, आणि या सगळ्याचे २,८५० रुपये घेतले, असं तुमचं म्हणणं. शेवटी लिहिलंय की गावातले मिस्त्री म्हणाले, व्हॉल्व काढूनच टाका. या शेवटच्या ओळीमुळे फोन न करता इथेच सगळ्यांसमोर लिहितोय. व्हॉल्व काढू नका.

गाडी आमच्याकडे कशी आली होती ते रिव्ह्यूमध्ये आलेलं नाही. काटा खालच्या रेघेवरून हलत नव्हता आणि पहाटे महाबळेश्वरहून माल घेऊन पसरणी घाट उतरताना काच आतून धुरकट होत होती. (साताऱ्याकडे हीटर कशाला लागतो, असं कुणी विचारायच्या आत सांगतो. थंडीत वेण्णा लेकच्या बाजूला गाडीच्या टपावर दव गोठतं, आणि एसी नसलेल्या जुन्या पिकअपची काच मोकळी ठेवायला हीटर सोडून फडकंच उरतं.)

काटा हलत नाही म्हटलं की बरेच जण डोळे झाकून सेन्सर बदलतात. आम्ही बदलला नाही. तुमच्या गाडीचा सेन्सर जुन्या पद्धतीचा, एका वायरचा आहे. चावी ऑन ठेवून ती वायर काढायची आणि क्षणभर इंजिनच्या लोखंडाला टेकवायची. मीटर चांगला असेल तर काटा लाल पट्टीकडे धावतो. तुमचा धावला, म्हणजे मीटर आणि वायरिंग ठीक. मग गाडी चांगली फिरवून आणली आणि थर्मोस्टॅटच्या हाऊसिंगवर थर्मामीटर धरला, तर ५८ अंश. या इंजिनाचं पाणी ८० च्या पुढे असायला हवं. म्हणजे सेन्सरही खरंच सांगत होता, इंजिनच थंड चाललं होतं.

हाऊसिंग उघडलं तेव्हा तुम्ही शेजारीच उभे होता. आत व्हॉल्व नव्हताच. कुणीतरी आधीच काढून, नुसतं पॅकिंग लावून झाकण बसवलं होतं. आपल्याकडची ही जुनी खोड आहे. उन्हाळ्यात खंबाटकीत गाडी एकदा तापली की रेडिएटर, कॅप, फॅनबेल्ट बघायच्या आधी व्हॉल्वचा बळी जातो.

हा व्हॉल्व इंजिन तापेपर्यंत पाणी इंजिनातच फिरवतो. आम्ही बसवलेला ८२ अंशाला उघडायला लागतो, पातेल्यात पाणी तापवून, त्यात थर्मामीटर सोडून तो बघितला आणि मगच बसवला. व्हॉल्व नसेल तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं. बंबाचा नळ उघडा ठेवून आंघोळीचं पाणी तापायची वाट बघावी, तसं ते. त्यात डिझेल इंजिन रिकाम्या गतीवर किंवा घाट उतरताना फारशी उष्णता तयारच करत नाही. हीटरला गरम पाणी मिळायचं कुठून? शिवाय इंजिन सतत थंड चाललं की डिझेल जास्त पितं, ऑइलमधला ओलावा उडत नाही आणि लायनर-रिंग लवकर झिजतात.

मिस्त्रींचा मान राखून आणखी एक सांगतो. काही इंजिनांत हाच व्हॉल्व उघडताना खालच्या चकतीने बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात येतं. म्हणजे एरवी गाडी थंड, आणि भरल्या मालाने चढावर नेमकी तापणार.

तेव्हा काटा अर्ध्यावर येतो तेच बरोबर आहे. लोड घेऊन घाट चढताना अर्ध्याच्या थोडा वर जाईल आणि सपाटीला परत येईल, तेही चालतं. लाल पट्टीकडे जायला लागला तर मात्र गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि थंड झाल्याशिवाय कॅपला हात लावू नका.

आता हीटर. आधी थंड हवा यायची, आता कोमट येते, एवढा फरक व्हॉल्वने पडला. उरलेलं दुखणं हीटरच्या कॉइलचं आहे, म्हणजे इंजिनाचं गरम पाणी ज्यातून फिरून हवा तापते त्या जाळीचं. कंट्रोलची केबल पूर्ण उघडते, ब्लोअर जोरात आहे, एअर लॉक (पाण्याच्या वाटेत अडकलेली हवा) काढलेला आहे. तरी कॉइलकडे जाणारा पाईप हाताला चटका देतो आणि परत येणारा जेमतेम कोमट असतो. म्हणजे पाणी आतून नीट फिरतच नाही. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतल्यामुळे क्षार आणि गंज साचून कॉइल चोक झाली आहे. रेडिएटरमधून निघालेलं विटकरी पाणी तुम्ही बघितलंय. कॉइल उलट्या दिशेने, कमी दाबाने धुवावी लागेल असं तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, सीझन संपल्यावर बघू. बिलावर ‘हीटर कॉइल चोक, काम बाकी’ असं लिहिलेलं आहे, खाली तुमची सही आहे.

बिलात व्हॉल्व ६५०, पॅकिंग आणि क्लिप १५०, कूलंट १,२५०, मजुरी ८०० आहे. जुना व्हॉल्व परत दिला नाही, अशी तक्रार तुम्ही केलीत. नव्हताच तो.

कॉइल धुवायची असेल तर फक्त मजुरी घेईन. पण जुनी कॉइल धुताना कधी कधी गंजाने बुजलेली भोकं मोकळी होतात आणि ती गळायला लागते. तसं झालं तर नवी कॉइल किंवा तात्पुरतं हीटर बायपास करणं, यातलं काय करायचं ते तुम्ही ठरवा, मी आधी विचारल्याशिवाय हात लावणार नाही. मिस्त्रींनाही सोबत आणा, दोन्ही पाईप त्यांच्या हातात देतो.

सकाळी लवकर या, इंजिन थंड लागतं. तोपर्यंत पाणी कमी दिसलं तर बोअरचं ओतू नका, उरलेलं कूलंट कॅनमध्ये भरून ड्रायव्हर सीटच्या मागे ठेवलंय.