घोडीचा विमा काढला की डॉक्टरचं बिल कंपनी भरते? नाही भरत

लग्नसराई तोंडावर आली की घोडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. थोडक्यात असा: ‘घोडीचा विमा काढा. डॉक्टर, औषधं, ऑपरेशन सगळं कंपनीकडे. कानाला बिल्ला मारला की झालं. घोडी लंगडली तरी पूर्ण रक्कम मिळते. अर्धा हप्ता सरकार भरतं.’ यातली एकच गोष्ट थोडीफार खरी आहे. बाकीच्यांवर विसंबून राहिलेल्या माणसाच्या हातात ऐन दुखण्याच्या रात्री पैसा नसतो, म्हणून हे सविस्तर.

‘डॉक्टर, औषधं, ऑपरेशन सगळं कंपनीकडे’ ही सगळ्यात महागात पडणारी थाप. आपल्याकडे घोडा, तट्टू, खेचर, गाढव यांची जी पॉलिसी सर्रास मिळते, ती मृत्यूची असते. अपघात, आग, वीज, पूर, पॉलिसीच्या मुदतीत जडलेला आजार किंवा शस्त्रक्रिया यांत जनावर दगावलं तर ठरलेली रक्कम मिळते. जनावर वाचलं, तर वाचवण्याचा खर्च मालकाचा. पॉलिसीत ‘शस्त्रक्रिया’ हा शब्द दिसतो आणि तिथेच लोक फसतात. शस्त्रक्रियेत घोडी गेली तर भरपाई, एवढाच त्याचा अर्थ. ब्रिटन-अमेरिकेत घोड्याच्या उपचारखर्चाचा वेगळा विमा मिळतो, तो तिथला.

फरक खरा कळतो पोटशूळात. एप्रिल-मेच्या उन्हात कोरडं कुटार पोटात आणि पाणी कमी, हे त्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण. उन्हात काम करणाऱ्या घोडीला दिवसाला 40 लिटरच्या वरही पाणी लागतं. घोड्याला ओकारी होत नाही, त्यामुळे पोटात कोंडलेला वायू आणि पाणी वर येत नाही. डॉक्टर नाकातून नळी घालून ते काढतात, वेदनाशामक देतात, सलाईन लावतात, गरज असेल तर नळीतूनच दोन-चार लिटर लिक्विड पॅराफिन सोडतात. निरोगी घोडीच्या हृदयाचे ठोके मिनिटाला 28 ते 44 असतात. ते 60 च्या वर टिकून राहिले, हिरड्या जांभळट दिसू लागल्या, घोडी लोळतेच आहे, तर आतड्याला पीळ पडल्याची शंका घ्यायची आणि वाट पाहायची नाही. मग गाडी करून नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायचं. ही गाडी, सलाईन, भूल, टाके, यातला एक रुपयाही मृत्यूच्या पॉलिसीतून येत नाही.

डॉक्टर येईपर्यंत बाटलीने तोंडात तेल ओतू नका. ते श्वासनलिकेत गेलं की फुप्फुसं खराब होतात. शिवाय अडाणी उपचार आणि हयगय यांमुळे आलेला मृत्यू पॉलिसीत वगळलेला असतो, म्हणजे घोडीही जाते आणि दावाही. गाई-कोंबड्यांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं आणि घोड्याला ते थोड्या मात्रेतही विष आहे. स्वस्त पडतं म्हणून त्यांच्या पोत्यातलं खाद्य घोडीला घालू नका.

‘घोडी लंगडली तरी पूर्ण रक्कम’: नाही. कायमच्या पूर्ण अपंगत्वाचं संरक्षण जादा हप्ता भरून वेगळं घ्यावं लागतं, आणि तेही घोडी नोंदवलेल्या कामाला कायमची निकामी झाली तरच लागू होतं. महिनाभर ठाणावर उभी राहिली, सीझन बुडाला, याचं काही मिळत नाही. पाय मोडला म्हणून परस्पर मारून टाकली तर दावा संपला. बरं न होणाऱ्या यातनांचा पशुवैद्यकाचा दाखला आधी लागतो आणि कंपनीला कळवावंही लागतं.

बिल्ल्याचं म्हणाल तर बिल्ला हरवला की दावा अडतो, हे गाईवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. घोडीच्या बाबतीत अर्जावरचं वर्णनही तितकंच महत्त्वाचं: रंग, कपाळावरचा टिळा, पांढरे पाय, अंगावरच्या केसांचे भोवरे कुठे आणि किती. हे डॉक्टरकडून समोर उभं राहून लिहून घ्या आणि चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. मायक्रोचिप असेल तर तिचा क्रमांक पॉलिसीवर तोच आहे का, ते पडताळा.

मेसेजमध्ये नसलेली, पण दावे बुडवणारी एक गोष्ट म्हणजे कामाची नोंद. अर्जात ‘पैदास’ किंवा ‘ओझं वाहणे’ लिहिलं आणि घोडी वरातीत डीजेसमोर बिथरून ट्रकखाली गेली, तर कंपनी ‘काम वेगळं’ म्हणून नकार देते. वरातीचं काम स्पष्ट लिहा. आणि बिथरलेल्या घोडीने वऱ्हाड्याला लाथ मारली तर त्याच्या दवाखान्याचा खर्च या पॉलिसीत बसत नाही.

आता खऱ्या भागाकडे, म्हणजे ‘अर्धा हप्ता सरकार भरतं’ याकडे. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या फेब्रुवारी 2024 च्या बदलानुसार मालकाचा वाटा हप्त्याच्या 15 टक्के आहे; उरलेला केंद्र आणि राज्य 60:40 ने उचलतात. म्हणजे सरकारचा वाटा अर्ध्याहून जास्त. योजनेत ओझ्याची जनावरं म्हणून घोडा, तट्टू, खेचर येतात. वरातीची घोडी त्यात धरतात का आणि जिल्ह्याला यंदा निधी आला आहे का, हे पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

मग काढायचा की नाही? आजारपण विसरा, किंमत बघा. समजा घोडी 1,20,000 ची आहे आणि अनुदानाशिवाय हप्ता 4 टक्के, तर वर्षाला 4,800 होतात. कर्ज काढून घेतलेली किंवा घर चालवणारी एकुलती घोडी असेल तर आमच्या मते काढाच. म्हातारी, 25-30 हजारांची घोडी असेल तर हप्ता वाचवा. उपचाराची सोय दोन्ही वेळी वेगळीच करावी लागेल: दर वरातीमागे 300 रुपये बाजूला, 40 वरातींचे 12,000 होतात. त्यातून आधी धनुर्वाताची लस, कारण घोड्याला हा रोग फार लवकर होतो. तालुक्याचा डॉक्टर सापडला नाही तर फिरत्या पथकासाठी 1962 लावा.

विमा काढलाच असेल तर पहिले 15 दिवस आजाराने आलेला मृत्यू बहुतेक पॉलिसींत धरत नाहीत, हे लक्षात ठेवा. घोडी दगावली तर त्याच तासाला कंपनीला फोन आणि लगोलग लेखी मेसेज. पंचेचाळीस अंशांत शव काही तासांत फुगतं, म्हणून सरकारी डॉक्टरला लगेच बोलवा. शवविच्छेदन होईपर्यंत पुरू नका, आणि फोटोत टिळा, भोवरे, बिल्ला स्पष्ट दिसू द्या. योजनेखालच्या दाव्याला चारच कागद लागतात: कंपनीला दिलेली सूचना, पॉलिसी, दाव्याचा अर्ज आणि शवविच्छेदन अहवाल. प्रत्येकाची झेरॉक्स घरी ठेवा आणि कागद दिल्याची पोच तारखेसह घ्या.