सनस्क्रीन नको म्हणणारा तो 'कोरियन ग्लास स्किन'चा फॉरवर्ड

मध्यंतरी मामीने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, "सोनूसाठी मागवलंय, लग्नाला दीडच महिना राहिलाय, सगळ्यांनी वाचा." हाच फॉरवर्ड सोसायटीच्या ग्रुपवर आला, ऑफिसच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर आला, तुमच्याकडेही आला असेलच. पण आता घरातली मुलगी, आमची सोनू, त्यातली क्रीम रोज रात्री तोंडाला लावतेय म्हटल्यावर मला गप्प बसवेना. आणि ग्रुपवर एवढं लांब कोणी वाचत नाही, म्हणून इथे लिहितेय.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोरियन बायकांच्या काचेसारख्या चेहऱ्याचं गुपित असं दिलंय की त्या हजारो वर्षांपासून रोज दहा स्टेप करतात, त्यांच्या वस्तूंमध्ये एकही केमिकल नसतं, सगळं हर्बल, त्या तांदळाचं पाणी लावतात म्हणून त्यांना सनस्क्रीन लागतच नाही, उलट सनस्क्रीननेच माणूस काळा पडतो, आणि हे सगळं कळलं म्हणून जग कोरियाच्या मागे लागलंय. शेवटी एक मोबाईल नंबर आणि 'ओरिजिनल कोरियन फॉर्म्युला नाईट क्रीम, ७ दिवसांत गोरेपणाची गॅरंटी, फक्त ४९९, पैसे घरपोच मिळाल्यावर'.

सनस्क्रीनचं वाक्य वाचून तर डोकंच सणकलं. अहो, कोरियन स्किनकेअरमधून एकच गोष्ट उचलायची असेल तर ती सनस्क्रीन आहे! तिथे सनस्क्रीन हा नुसता मेकअपचा प्रकार नाही. २००० सालापासून त्यांच्या कायद्यात 'फंक्शनल कॉस्मेटिक्स' असा वेगळा गट आहे, त्यात तीन गोष्टींनी सुरुवात झाली, डाग-काळेपणा कमी करणारी, सुरकुत्यांवरची आणि उन्हापासून वाचवणारी, आणि असा दावा करायचा तर सरकारी नियमात बसावं लागतं. बाटलीवर एसपीएफ ५० प्लस, पीएच्या पुढे चार प्लस (दोन्ही ऊन किती अडतं ते सांगणारी मापं, जितकं जास्त तितकं चांगलं), हे तिथलं नेहमीचं दृश्य. लोक कोरियन सनस्क्रीन घेतात ते ती हलकी असते, पांढरा थर राहत नाही, चिकचिक होत नाही म्हणून, आणि आपल्या सावळ्या त्वचेवर हा पांढरा थर हीच तर मोठी अडचण असते. तिथल्या आज्या शेतात, बाजारात जातात तर डोक्यावर ऊन अडवणारं मोठ्ठं व्हायझर असतं. आणि फॉरवर्ड म्हणतो त्यांना सनस्क्रीन लागत नाही! तांदळाच्या पाण्याने ऊन अडत नाही. सोनूला वांग आहे, डॉक्टरांनी तिला सनस्क्रीन चुकवायची नाही असं बजावलंय, आणि मामी ती बंद करायला सांगतेय कारण व्हॉट्सॲपवर आलं.

तांदळाच्या पाण्याबद्दल एवढं मान्य करते की ते खोटं नाही. कोरियात तांदूळ धुतलेल्या पाण्याने तोंड धुवायची पद्धत होती, मुगाचं पीठ साबणासारखं वापरायचे, आपल्याकडे डाळीचं पीठ लावतात तसंच. लावा, कोणी नको म्हटलंय, चेहरा जरा मऊ वाटेल. पण त्याने वांग जात नाही, रंग बदलत नाही.

दहा स्टेपचं सांगायचं तर ते हजारो वर्षांचं वगैरे काही नाही. दहा स्टेप हा आकडा गाजला तो गेल्या दहा-पंधरा वर्षांत, तोही मुख्यतः अमेरिकेत कोरियन वस्तू विकणाऱ्यांमुळे. कोरियात उलट कमी वस्तू वापरायची लाट येऊन गेली. आणि ज्या बीबी क्रीमने (क्रीम आणि हलका मेकअप एकातच) कोरियाला जगभर नाव दिलं तिची मूळ कल्पना एका जर्मन त्वचारोगतज्ज्ञ बाईंची, १९६० च्या दशकातली, कोरियन कंपन्यांनी ती उचलली, बदलली, मोठी केली. यात कमीपणा काहीच नाही, पण पुराणकाळातलं गुपित म्हणून विकू नका.

केमिकल नाही म्हणे. मग त्या नियासिनामाइडचं काय करायचं? कोरियाच्या नियमांत डाग फिकट करण्यासाठी मान्य घटकांच्या यादीत नियासिनामाइड आहे, २ ते ५ टक्के. आर्ब्युटिन आहे, तेही २ ते ५ टक्के. सुरकुत्यांसाठी ॲडिनोसिन ०.०४ टक्के. टक्केवारीसकट लिहिलेलं असतं, आणि २००८ पासून तिथे डबीवर सगळे घटक छापणं बंधनकारक आहे. खरी ताकद ती आहे, काय घातलंय हे सांगतात. आणि हर्बल म्हणाल तर त्यांचं एक अतिशय गाजलेलं सीरम गोगलगायीच्या स्रावाचं आहे. माझी मामी अंडं शिवत नाही. तिला हे आधी कळायला हवं की नको?

जग मागे लागलंय हे मात्र खरंय, त्यात वाद नाही. २०२४ मध्ये कोरियाची कॉस्मेटिक निर्यात १० अब्ज डॉलरच्या वर गेली. पण ते काय गुपित कळल्यामुळे नाही. तिथे मोठमोठे कारखाने आहेत जे दुसऱ्यांच्या ब्रँडसाठी माल बनवून देतात, त्यामुळे नवीन वस्तू झटपट बाजारात येते. २००८ चा कुशन कॉम्पॅक्ट घ्या, म्हणजे डबीतल्या स्पंजमध्ये भिजवलेलं फाउंडेशन, पुढे युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांनी त्याची कॉपी केली. त्यात मालिका, गाणी, इंटरनेट, परवडणारी किंमत. आणि कोरियन म्हणजे सगळं डोळे मिटून घ्या असंही नाही, २०२० च्या शेवटी एका लोकप्रिय कोरियन सनस्क्रीनची युरोपातल्या लॅबमध्ये तपासणी झाली, डबीवर ५० लिहिलेला एसपीएफ १९ च्या आसपास निघाला आणि कंपनीला ती विक्रीतून काढावी लागली. पण ते पकडलं गेलं कारण डबीवर नाव होतं, आकडा होता, जाब विचारायला कंपनी होती.

आता त्या ४९९ च्या क्रीमकडे येते, हे सगळं लिहायला घेतलं ते खरं तर त्याच्यासाठी. मामीने डबीचा फोटो पाठवला. गुलाबी डबी, वर कोरियन अक्षरं, एका मुलीचा फोटो. बनवणाऱ्याचं नाव नाही, घटक नाहीत, बॅच नंबर नाही. भारतात बाहेरून आणलेल्या कॉस्मेटिकची सरकारकडे नोंदणी लागते आणि तो नोंदणी क्रमांक, आणणाऱ्याचं नाव-पत्ता लेबलवर असावा लागतो, हा २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांतला नियम आहे. यातलं काहीच नाही म्हणजे ही डबी कोरियातून आली की कुठल्या गोडाऊनमध्ये भरली, कोण सांगणार?

आणि ७ दिवसांत गोरं करणारं काय असतं माहितीये का? बऱ्याचदा पारा, नाहीतर स्टेरॉइड. पारा त्वचेत रंग तयार होऊ देत नाही, म्हणून फरक भराभर दिसतो, मैत्रिणी विचारायला लागतात काय लावतेस, आणि तो त्वचेतून आत जाऊन किडनीत साठतो.

केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी हे नीट नोंदवलंय, किडनी इंटरनॅशनल या जर्नलमध्ये २०२४ साली आलंय. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीचे २२ पेशंट आले, म्हणजे किडनीची चाळणी बिघडून लघवीतून प्रोटीन जातं तो आजार. त्यातल्या १५ जणांत एक विशिष्ट, एरवी कमी दिसणारा प्रकार निघाला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं होण्याची क्रीम लावत होते. १५ पैकी १३! क्रीम बंद केल्यावर बहुतेक जण सावरले, पण कारण सापडलं म्हणून सावरले.

केरळ लांब वाटत असेल तर अकोला घ्या. २०२३ च्या सुरुवातीला बातमी आली होती, एकाच घरातल्या तिघी, मुलगी, बहीण आणि आई, स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेली क्रीम लावत होत्या, तिघींच्या किडन्यांना त्रास झाला, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये क्रीम तपासली तेव्हा त्यात पारा सापडला. एकीचा फरक बघून बाकीच्या दोघींनी लावली होती. आमच्या घरात नेमकं हेच होणार होतं, सोनूचा फरक बघून मामीने लावली असती, मग माझ्या आईने.

आपल्या नियमात नकळत राहून गेलेला पारा दहा लाखात १ भागापेक्षा जास्त चालत नाही, आणि डोळ्यांचं सोडून बाकी कॉस्मेटिकमध्ये मुद्दाम घालायची तर परवानगीच नाही. म्हणून डबीवर कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड असं काही दिसलं, किंवा सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका अशी सूचना असली, तर ती पाऱ्याची खूण समजा. काहीच लिहिलेलं नसेल तर लावूच नका.

मामी म्हणते, "अगं चार दिवसांत किती उजळली बघ." मामी, तेच तर भीतीचं आहे. सोनूने क्रीम थांबवलीये, पण एवढ्यावर सोडू नका. डर्मॅटॉलॉजिस्टकडे न्या, लघवीची प्रोटीनची तपासणी करून घ्या, पायांवर सूज किंवा लघवीला फेस आहे का बघा. डबी फेकू नका, तशीच झाकण लावून पिशवीत ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा, तक्रार करायची तर अन्न व औषध प्रशासनाकडे तीच लागेल, अकोल्याच्या केसमध्येही क्रीम हातात होती म्हणून तपासता आली. आणि ज्या ज्या ग्रुपवर तो नंबर पुढे पाठवलाय तिथे आज रात्रीच लिहा की हे मागवू नका.