अंगठाबहाद्दर रसिक कसे व्हावे

कलेतलं कळतं असं चारचौघांत दाखवायचं, तर पूर्वी बराच खटाटोप होता. झब्बा शिवून घ्यावा लागे, खांद्याला शबनम अडकवावी लागे आणि जहांगीरमध्ये जाऊन एकेका चित्रासमोर हात मागे बांधून, मान किंचित तिरकी करून उभं राहावं लागे. पाय दुखत. आता तो व्याप संपला. आता रसिकाला एकच अवयव पुरतो, अंगठा. पूर्वी तो सहीच्या जागी उमटायचा, आता अभिरुचीच्या जागी उमटतो.

सकाळी फोन हाती घेतला की काहीतरी चमत्कारिक आलेलं असतंच. झाडाच्या खोडात दिसणारा म्हातारा, जिन्याच्या पायऱ्यांवर रंगवलेला धबधबा, भिंतीतून डोकं बाहेर काढणारा हत्ती. असलं काही तीन सेकंदांपेक्षा जास्त बघू नका. जास्त बघितलं की हे कोणी केलं, कुठे आहे, असले प्रश्न पडतात आणि तेवढ्यात साडूने ते सगळीकडे पाठवून टाकलेलं असतं. कोपऱ्यात चित्रकाराची सही दिसली तर आधी ती कापा. पोरकं चित्र लवकर सगळ्यांचं होतं. वर ‘अप्रतिम! संग्रही ठेवा’ एवढं लिहा. संग्रह कुठे ठेवलाय, हे आजवर कोणी कोणाला विचारलेलं नाही.

गावाचं नाव लावल्याशिवाय राहवतच नसेल तर फार डोकं चालवू नका. जुनं आणि दगडी असेल तर आपल्या पूर्वजांचं. नवं आणि प्लास्टिकचं असेल तर जपानचं.

जपानच्या बाबतीत तर डोळे मिटून कौतुक करा. लोणी डिंकाच्या कांडीसारखं नळीत भरलंय आणि पावावर घासायचंय, शेवया गार करायला चॉपस्टिकलाच इवला पंखा बसवलाय, मांजरीच्या चारी पायांत फरशी पुसायचे बोळे घातलेत. खाली लिहा, ‘जपान कुठे आणि आपण कुठे!’ हे सगळं केंजी कावाकामी नावाच्या माणसाने १९८०च्या दशकात सुरू केलेल्या थट्टेतलं आहे, हे कृपया शोधायला जाऊ नका. या वस्तूंना तो ‘चिंदोगू’ म्हणतो. चिंधी आठवली असेल तर चूक तुमची नाही, पण अर्थ ‘विचित्र हत्यार’ असा काहीसा आहे. त्याचे रीतसर नियमच आहेत: वस्तू खरोखर बनवलेली हवी, पण खऱ्या वापरासाठी नको; ती विकायची नाही; तिचं पेटंट घ्यायचं नाही. म्हणजे दिसेल ते विकत घेत सुटणाऱ्यांची त्याने टर उडवली आणि आपण ती ‘कुठे मिळेल?’ असं विचारत पुढे पाठवली. त्याच्या वस्तूंचं पुस्तक १९९५ साली इंग्रजीत आलं. त्यात काठीच्या टोकाला कॅमेरा लावून स्वतःचाच फोटो काढायची एक युक्तीही होती. निरुपयोगी म्हणून. पुढे ती काठी प्रत्येक देवळाबाहेर आणि प्रत्येक चौपाटीवर विकायला आली. बिचाऱ्याची एक थट्टा फसली ती अशी.

तसंच अथेन्सच्या कतेरिना काम्प्रानी या वास्तुविशारद बाईंचं. त्या मुद्दाम गैरसोयीच्या वस्तू बनवतात. झाडांना पाणी घालायची झारी, पण तोटी उलटी वळलेली, झारीच्याच पोटात पाणी सोडणारी. काट्याच्या दांड्याऐवजी साखळी. पावसाळी बूट, पण पुढून उघडे. बघून हसा, पण फार नको. आमच्या फ्लॅटमधल्या बेसिनचा नळ इतका आखूड आहे, की हात धुवायचे तर आधी बेसिनची मागची भिंत धुवावी लागते. हॉलच्या बोर्डावर अकरा बटणं आहेत आणि पंखा नेहमी अकराव्याला लागतो, मग सुरुवात कुठूनही करा. काम्प्रानीबाई हे विचारपूर्वक करतात. आमच्या बिल्डरने ते अगदी निर्मळ मनाने केलंय. त्याचं प्रदर्शन कोणी भरवत नाही. उलट आम्हीच त्याचे हप्ते भरतो.

आता दृष्टिभ्रम. घरात भांडण लावायचं असेल तर याच्यासारखं साधन नाही. २०१५च्या फेब्रुवारीत त्या झग्याच्या फोटोने जगभर लावलं होतं, आठवत असेल. स्कॉटलंडमधल्या एका लग्नात नवरीच्या आईने घालायचा झगा, कोणाला निळा-काळा दिसे तर कोणाला पांढरा-सोनेरी. झगा निळा-काळाच होता. फोटोत उजेड कसा पडलाय याचा मेंदू आपला आपण अंदाज बांधतो आणि तेवढा रंग वजा करतो. अंदाज बदलला की रंग बदलला. तुम्ही मात्र असलं काही समजावत बसू नका. आपल्याला जो दिसतो तोच खरा, बाकीच्यांनी डोळे तपासून घ्यावेत, एवढं ठणकावून सांगा.

आमच्या घरी हे जमलं नाही, कारण आत्या. तिने झगा बघितला आणि म्हणाली, “दुकानातल्या ट्यूबखाली काढलाय ना? मग वाद काय घालताय? साडी घेताना आपण जरा बाहेर उजेडात नेऊन दाखवा म्हणतो, ते कशाला?” सगळा ग्रुप एका वाक्यात थंड. माझी जिरली नव्हती म्हणून तिला दुसरं चित्र दाखवलं. एडवर्ड एडल्सन या अमेरिकेतल्या संशोधकाने १९९५ साली केलेला बुद्धिबळाचा पट. पटावर हिरवं नळकांडं उभं, त्याची सावली आडवी पडलेली. सावलीबाहेरचं ‘ए’ घर गडद दिसतं, सावलीतलं ‘बी’ घर फिकं. दोन्हींचा करडा रंग एकच आहे म्हटल्यावर आत्या उठली. जुन्या कॅलेंडरच्या पानाला उदबत्तीने दोन भोकं पाडली, पान फोनवर धरलं, सरकवून सरकवून एकेका घरावर एकेक भोक आणलं. मग पान काढलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा काढलं. पाऊण तास. त्या पाऊण तासात माझे सतरा मेसेज पुढे गेले असते. अशा माणसाला चित्रं पाठवू नयेत.

केळ्याचं मात्र सोपं आहे. मौरिझियो कातेलानने २०१९ साली मायामीत चिकटपट्टीने भिंतीला केळं चिकटवलं आणि ते १ लाख २० हजार डॉलरला गेलं. तिथेच दुसऱ्या एका कलाकाराने ते सोलून खाल्लं, तर नवं चिकटवलं. कारण विकत मिळतो तो कलाकृतीचा दाखला, केळं नव्हे. २०२४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला ६२ लाख डॉलर आले आणि घेणाऱ्या क्रिप्टोवाल्याने हाँगकाँगमध्ये कॅमेऱ्यांसमोर ते खाऊन दाखवलं. यावर बोलायचं वाक्य ठरलेलं आहे: ‘हे तर आमचा बंड्याही करेल.’ बंड्याला विचारू नका. तो करेल.

मी हे वाक्य जळगाव स्टेशनाबाहेर बोललो, हातात डझनभर केळी. आत्याला अजिंठा बघायचं होतं. पहिल्या लेण्यात शिरल्यावर रीत अशी: सगळे जातात त्या पद्मपाणीच्या चित्रापुढे जायचं, फोन उंच धरायचा, फोटो हलला तर पुन्हा काढायचा, निघायचं. आत्या निघेना. ती एका खांबाच्या माथ्याकडे मान मोडेपर्यंत बघत होती. तिथे चार हरणं कोरलेली आहेत, चार धडं, पण डोकं एकच. ज्या हरणाकडे बघाल, डोकं त्याचं. पाचव्या शतकातल्या कोणा पाथरवटाने अंधारात, छिन्नीने केलेली गंमत, आणि सही नाहीच, त्यामुळे कापायचाही प्रश्न नाही. मागून रेटा आला तशी आत्या म्हणाली, “थांबा हो, अजून दोन हरणं राहिलीत.”

फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. साडूने लिहिलं, ‘एआय आहे. पाय मोजा.’ मावसभावाने विचारलं, ‘जपान?’ कोणीतरी हात जोडले. आत्याने फोन माझ्याकडून मागून घेतला आणि अंगठ्याने तीन धडं झाकून चौथं बघू लागली. मग चौथं झाकून तिसरं. तिच्या अंगठ्याखाली काय काय दाबलं गेलं कोण जाणे, फोटो सोसायटीच्या ग्रुपवर जाऊन पडला. खाली सेक्रेटरींनी लगेच लिहिलं, ‘टाकी साफ करायची आहे. उद्या पाणी सात ते आठ.’