घ्या गोल्फचा आणखी एक नवा ड्रायव्हर, लांब फटक्याची ती काठी!

महिन्यातून एकदा पेण-अलिबागहून खारघरच्या गोल्फ कोर्सला गाडी हाणायची आणि ९२ ऐवजी १०३ फटके लागले की दोष कुणाला? ड्रायव्हरला! मग आणा नवा, महागातला. अहो, ‘पार’ म्हणजे कोर्सचे ठरलेले फटके ७२, त्यातले ३६ पटिंगचेच, बॉल हळूच खड्ड्यात ढकलण्याचेच धरलेले असतात. आणि त्याची काठी, पटर? कोळिष्टकांत.

वेळ नाही म्हणे! पडवीत सतरंजी अंथरून ४ फुटांवर पेला आडवा ठेवायला कितीसा वेळ लागतो? रोज २५ वेळा पटरने बॉल पेल्यात ढकलायचा, १० मिनिटं. पण पेल्यात बॉल घातल्याचं सांगून क्लबात भाव कोण देणार!

आणि ती बॅग! जूनमध्ये डिकीत कोंबलेली, थेट दसऱ्याला उघडणार. ग्लोव्ह सुक्या बोंबलासारखा कडक, बुटांना बुरशी, वेजच्या, म्हणजे जवळच्या उंच फटक्याच्या काठीच्या खाचांत वाळलेली माती. खाचा बुजल्यावर फिरकी बसणार कशी, नवसाने? काठीच्या ग्रिपवर घामाचा थर, म्हणून ती निसटते. निसटते म्हणून आवळायची, मनगटं ताठ, बॉल उजवीकडे झाडीत. कोमट पाणी, थोडा साबण, जुना टूथब्रश. तेवढंही होत नाही?

बरं, झाडीत गेलेला बॉल ३ मिनिटांत सापडला नाही तर तो हरवला, हा नियम २०१९ पासूनचा आहे. तुम्ही काय तिथे करवंदं वेचताय? मागे चौघे उन्हात उभे आहेत!