कॉमन प्लॉट शांत कसा राखावा

अभिनंदन! सोसायटीचे प्रमुख झालात. पाण्याची टाकी, लिफ्टचं कंत्राट, ड्रेनेज ही कामं होत राहतील; नाही झाली तरी फारसं कोणी विचारत नाही. खरा कस लागतो तो कॉमन प्लॉटवर, म्हणजे सोसायटीच्या सामाईक मोकळ्या जागेवर. शाळा सुटली की तिथे मुलं उतरतात, आणि उतरली की चक्क खेळायला लागतात. याचा बंदोबस्त वेळीच केलेला बरा.

आधी बाकडी टाका. कडेला नव्हे, बरोबर मधोमध. पाठीवर देणगीदाराच्या कै. वडिलांचं नाव असेल तर सोन्याहून पिवळं, कारण त्या नावावर चेंडू आपटला की तक्रारीला श्राद्धाचं गांभीर्य येतं. उरलेल्या मातीवर पेव्हर ब्लॉक बसवा. चार गुडघे फुटले की आया आपणच मुलांना वर बोलावतात. मग 'येथे खेळण्यास मनाई आहे' ही पाटी, गुजरातीत आणि मराठीत, म्हणजे कोणावर अन्याय नको. नवरात्रात तेवढी ती झाकून ठेवायची. बडोद्यात मध्यरात्रीपर्यंतच्या गरब्याच्या स्पीकरने कोणाची झोपमोड होत नाही. ती होते संध्याकाळी साडेसहाला, रबरी चेंडूने.

चारचौघांत मात्र खेळाबद्दल भरभरून बोलायचं. बडोदेकराला हे जड नाही. 1879 सालची कमाटीबाग आहे, जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे, व्यायामगुरू राजरत्न माणिकरावांचं नाव आहे, 1923 साली इथे भरलेली हुतुतूची अखिल भारतीय स्पर्धा आहे. सयाजीराव महाराजांनी 1906 साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनासुद्धा. खेळणं सक्तीचं करायचं तेवढं राहून गेलं, हे आपलं नशीब. एवढा वारसा गाठीशी असल्यावर आपल्या मुलांनी वेगळं काही करायची गरज उरत नाही. पूर्वजांचा घाम पुरतो.

एखादा डॉक्टर सांगेल की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी किमान 60 मिनिटं दम लागेल असं हुंदडायला हवं, जागतिक आरोग्य संघटनेचं तसं म्हणणं आहे. त्याला अबॅकस, ड्रॉइंग आणि गणिताच्या ट्यूशनचं वेळापत्रक दाखवा आणि म्हणा, तुम्हीच सांगा कुठे बसवू. स्कूटरवरून उतरून क्लासच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चढणं धरलं तर पाचेक मिनिटं निघतात. पण तो डॉक्टर पुढे असंही सांगेल की अपंगत्व असलेल्या मुलांसाठीही 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत तोच तास दिलाय. इथे मात्र सावध व्हा. आपण आता नाजूक विषयाकडे आलो.

प्रत्येक सोसायटीत एखादं असं मूल असतं. समजा, तिसऱ्या मजल्यावरची चाकाच्या खुर्चीतली मुलगी. किंवा समोरच्या विंगमधला, ज्याला उजेड-अंधारापलीकडे फारसं दिसत नाही तो. ही मुलंही संध्याकाळी खाली येतात, कारण लिफ्ट दुर्दैवाने चालू असते. त्यांना नको म्हणायचं नाही हं! नको कोणीच म्हणत नाही. "लागेल गं बाळा तुला" म्हणायचं. आवाजात जितकी माया, तितकं मूल लांब बसतं.

आणि बसवल्यावर त्याला काम द्यायचं, म्हणजे आपण सामावून घेतल्यासारखं दिसतं. गुण मांडायला द्या. सगळ्यांच्या चपला सांभाळायला द्या. शाळेच्या क्रीडादिनी शर्यतीच्या शेवटाला फितीचं टोक धरायला द्या. फोटो फार सुंदर येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 साली झाला. मान्यताप्राप्त शाळांनी या मुलांना बाकीच्यांच्या बरोबरीने खेळाची संधी द्यावी, असं त्यात स्पष्ट आहे. संधी द्या म्हटलंय ना? खो द्या, असं कुठे म्हटलंय?

उत्तरायण आलं की फिरकी. हे काम तर जणू त्यांच्यासाठीच घडवलेलं. चौदा जानेवारीला सकाळपासून पोराच्या हातात फिरकी दिली की संध्याकाळपर्यंत चिंता नाही. पतंग दुसऱ्याचा, पेच दुसऱ्याचा, "काप्यो छे" दुसऱ्याचं. याने मांजा सोडायचा, गुंडाळायचा आणि गुंता झाला की शिव्या खायच्या. अर्थात हे ज्याला गच्चीवर पोहोचता येतं त्याच्यासाठी. लिफ्ट वरच्या मजल्याला थांबते आणि गच्चीला शेवटचा जिना उरतो, हे बिल्डरचे आपल्यावर उपकार आहेत. चाकाच्या खुर्चीवालीला खालूनच पतंग बघू दे. उंधियू-जिलबीचं ताट मात्र तिला आधी पाठवा, माणुसकी म्हणून काही आहे.

रॅम्पची मागणी येईलच. नियमाप्रमाणे एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फूट. आपण दोन फुटांत उरकायचा. खुर्ची वर चढत नाही, मागे घसरते, मग ते लोकच वापरायचं सोडतात आणि 'सुविधा असून वापरत नाहीत' असं इतिवृत्तात लिहिता येतं. रिकाम्या रॅम्पवर दोन ॲक्टिव्हा छान मावतात. झोपाळ्याखाली भरपूर रेती टाका, चाकं रुततात. सार्वजनिक बागांच्या दाराशी दुचाकी अडवायला वाकडेतिकडे लोखंडी पाइप असतात ना, तसे आपल्याही फाटकाला लावून घ्या. दुचाकीवाला कुठून तरी वाट काढतोच. खुर्ची नाही काढत.

एवढं करूनही एक धोका राहतो, आणि तो खुद्द मुलांकडून. त्यांना नियमांची चाड नाही. आमच्या प्लॉटवर डोंगर-पाणी चाललं होतं. बाकीच्यांचा डोंगर म्हणजे मधलं बाकडं. खुर्चीतली मुलगी बाकड्यावर कशी चढणार? मी मनात म्हटलं, सुटलो. एका कार्ट्याने खडूने पेव्हर ब्लॉकवर वाकडंतिकडं वर्तुळ काढलं आणि जाहीर केलं, हा हिचा डोंगर. कोणी हरकत घेतली नाही. सर्वसाधारण सभा नाही, नोटीस नाही, कोरम नाही! थोड्या वेळाने तिच्यावर राज्य आलं. वाटलं, आता तरी लिंबूटिंबू म्हणून सोडतील. छे. तिच्या हातात गुंडाळी केलेलं वर्तमानपत्र दिलं आणि ठरलं की त्याने टिपलं तरी आऊट. माझ्याच घरासमोर तिने माझ्या नातवाला टिपलं. तो हरकत घ्यायचा सोडून "एक वार परत, एक वार परत" म्हणून तिच्याशी कचाकचा भांडत होता, आणि ती त्याला चिकटू म्हणत होती. अंध मुलाशी खेळताना तर चेंडूला प्लॅस्टिकची पिशवी बांधतात, घरंगळताना सळसळ ऐकू यावी म्हणून. पिशवीबंदीचं काय?

हे चीटिंग आहे, असं तुम्ही ठणकावून सांगा. मात्र सांगताना एक काळजी घ्या. याच मुलांनी क्रिकेटमध्ये 'पांढऱ्या गाडीला लागला की आऊट', 'पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या गॅलरीत गेला की आऊट आणि आणायलाही त्यानेच जायचं' असे नियम केलेत. पांढरी गाडी तुमची आहे. गाडीसाठी नियम वाकवला तर ती समजूत, मुलीसाठी वाकवला तर चीटिंग, हा फरक मुलांना पटवून द्यायच्या भानगडीत पडू नका. ती भलते प्रश्न विचारतात.

त्यापेक्षा सरळ ठराव आणा. विषय: कॉमन प्लॉटवर खडूने डोंगर काढण्यास बंदी. सभा रविवारी दुपारी जेवणानंतर ठेवा, म्हणजे डोळे मिटलेली मानही होकारार्थी हलते. सूचक तुम्ही. अनुमोदक मात्र आधीच गाठून ठेवा, शक्यतो असा की ज्याची नातवंडं न्यू जर्सीत आहेत. खाली कोण खेळतंय, हे बघायला तो गॅलरीत येत नाही.