उचललेल्या गाडीला शॉकअप कोणते घ्यावेत?

थार दोन इंच उचललीत, झकास केलंत. कंपनीने जमिनीपासून २२६ मिलिमीटर मोकळे सोडले होते, पण तेवढ्यावर कर्वे रस्ता पार करायचा म्हणजे जिवाशी खेळच. आता वरून सगळं पुणं दिसतं. उंटावरून शेळ्या हाकायची हौस निदान पेट्रोलवर तरी भागते आहे.

राहिले शॉकअप. निवडताना आधी रंग बघा. काळ्या गाडीला लाल, लाल गाडीला पिवळे, आणि चाकाच्या कमानीतून लांबूनही दिसले पाहिजेत. शॉकअपच्या आत तेल असतं, ते पिस्टनच्या बारीक भोकांतून ढकललं जातं आणि गाडीची उडी उष्णता होऊन जिरते, हे खरं आहे. पण ती भोकं बाहेरून दिसत नाहीत. मग त्यांचा विचार कशाला?

‘शॉकअप गाडीचं वजन पेलतो’ हे सोसायटीत ठामपणे सांगत चला. ‘वजन स्प्रिंग पेलते हो, शॉकअप फक्त तिच्या उड्या आवरतो,’ असं कुणी म्हणालंच तर ते गृहस्थ एआरएआयमधून, म्हणजे गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या इथल्याच संस्थेतून, निवृत्त झालेले असणार. १९६६ पासून ती संस्था आहे, त्यामुळे कोथरूडमध्ये दर तिसऱ्या बाकावर असं कुणीतरी भेटतंच. वाद घालू नका. हॉर्न वाजवा आणि पुढे व्हा.

घ्यायचाच तर शेजारी वेगळी डबी लटकवलेला घ्या, रिमोट रिझर्व्हॉयरवाला. त्यात तेल जास्त मावतं, ते उशिरा तापतं, आणि नायट्रोजनच्या दाबामुळे त्याला फेस येत नाही. तासन्‌तास दगडधोंड्यांतून गाडी पळवणाऱ्यांना याचा फार उपयोग होतो. तुमचे दगडधोंडे म्हणजे संध्याकाळी सातचा पौड रोड, वेग ताशी नऊ किलोमीटर. तेलाला तापायला वेळ भरपूर आहे, कारण काही नाही.

खरेदीला नाना पेठेत गेलात तर एका जातीच्या मिस्त्रीपासून जपा. हा माणूस शॉकअप विकण्याआधी गाडी जॅकवर घेतो, चाक लटकत सोडतो आणि खिशातून टेप काढतो. माझ्या जुन्या बोलेरोचा शॉकअप त्याने असाच काढला होता. अंगावर तेल आणि धुळीचा बोटभर काळा थर. फडक्याने पुसून त्याने दांडा दाबला, तर तो सर्रकन आत गेला, वॉशर गेलेल्या सायकलच्या पंपासारखा. मिस्त्री काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. एवढं लागट मला आजवर कुणी बोललेलं नाही.

तुम्हाला तो म्हणेल, “साहेब, गाडी उचलली म्हणजे जुना शॉकअप आधीच ताणून बसलाय. चाक खड्ड्यात उतरलं की टोकाला जाऊन आपटणार. आणि नुसता लांब घेतला तर दबताना बंप स्टॉपच्या, म्हणजे त्या रबरी ठोकळ्याच्या आधी हाच तळाला बसणार. ताणून किती, दाबून किती, दोन्ही मापं घ्यायला लागतात. ब्रेकचा पाइपही बघू द्या, ओढला गेलाय.”

यावर एकच उत्तर द्या. “दोन इंच म्हणजे दोन इंच, त्यात मोजायचं काय?” तो टेप खिशात ठेवेल आणि चहा सांगेल. चहा चांगला असतो, प्या.

‘गाडीवर वजन किती?’ हाही त्याचा एक आवडता प्रश्न. पुढे लोखंडी बंपर, विंच, टपावर तंबू असं कायमचं ओझं असेल तर स्प्रिंग कडक लागते, आणि कडक स्प्रिंगची उसळी आवरायला शॉकअपही तसाच लागतो. तुमच्या गाडीत बहुतेक वेळा तुम्ही आणि भाजीची पिशवी. तरीही सगळ्यात कडकच घ्या. कडक म्हणजे भारी, हा नियम भाकरीला लागू नसला तरी शॉकअपला आहे.

त्याचा प्रत्यय मागे बसलेल्या आजींना येईल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, सावकाश चढून उतरणारा असतो. तुमच्या गल्लीतला मात्र कुणीतरी रात्रीतून रचलेला आहे. त्यावरून गाडी गेली की आजी टपाला डोकं लावून येतील आणि विचारतील, “पंक्चर झालं का रे?” आजींना चढायला प्लास्टिकचं स्टूल लागतंच. अडचण एवढीच, की त्या चढल्या की स्टूल खाली राहतं आणि उतरताना नेमकं तेच हवं असतं.

कायद्याचं फार मनावर घेऊ नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगून झालंय, आणि कलम १८२अ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एकेका फेरफारामागे ५००० रुपये दंड आहे. स्प्रिंग, शॉकअप, टायर, बंपर. म्हणजे मोजायची वेळ शेवटी आलीच.

जुने शॉकअप मात्र भंगारात देऊ नका. खोक्यात घालून माळ्यावर ठेवा, आकाशकंदिलाच्या शेजारी. दोनेक पावसाळ्यांत ताम्हिणीत डांबरी रस्त्याच्या कडेला भजी खाऊन झाली, कंबरेला पट्टा आला, की ते उतरवून पुन्हा गाडीला लावायचे आहेत. मग जाहिरात द्या: ‘एकहाती, कंपनी फिटिंग, एकदाही ऑफरोड नेलेली नाही.’ शेवटचा मुद्दा निर्धास्त लिहा, त्यात खोटं काहीच नाही.